बरणीतलं १९२५

झुरिकला आल्यापासून सुट्टे पैसे काचेच्या बरणीत टाकते. एका रविवारी बरणी सतरंजीवर उलटी केली आणि दहा रापेनच्या (रापेन म्हणजे स्विस फ्रँकचा शंभरावा भाग) एका नाण्यावर साल दिसलं: १९२५. माझ्या आजीपेक्षा मोठं! आणि अजून चालतं. हे डिझाइन १८७९ पासून बदललेलंच नाही, म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे.

तेव्हापासून नाणी निरखायचा नाद लागला. एक फ्रँकवर उभी हेल्व्हेशिया, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेली स्त्री, भोवती तारे. मोजून बघा: जुन्यावर २२, १९८३ पासून २३. १९७९ला जुरा हे नवं कँटन (स्विस राज्य) झालं, त्याचा तो तारा. १९६७पर्यंतचा फ्रँक चांदीचा, हे कळल्यावर मी वर्षं वाचल्याशिवाय पैसे मोडत नाही.

गेल्या वर्षी एका दुकानातून १८८५चा बर्नचा 'शुट्झनटालर' घेतला. राष्ट्रीय नेमबाजी उत्सवासाठी पाडलेलं पाच फ्रँकचं चांदीचं नाणं, २५ ग्रॅम, ३७ मिलीमीटर. दुकानदाराने 'पॉलिश नको' असं बजावलं होतं. काळसर झाक तशीच ठेवली आहे. फक्त कडेला धरते.