इंग्लंडला निघालेल्या सिस्टर, आधी कागदांवरचं नाव बघा

जळगाव-धुळ्याकडच्या सिस्टर मला फोन करतात तेव्हा बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: ताई, एजंट चार लाख मागतोय, देऊ का? परवा पारोळ्याच्या एकीच्या घरी तर कापसाचे पैसे त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. माझं उत्तर ठरलेलं आहे. देऊ नका. नोकरी लावून द्यायचे पैसे नर्सकडून घ्यायला ब्रिटनमध्ये मनाई आहे, ते हॉस्पिटल देतं. आपल्याकडच्या परवानाधारक एजंटलाही कायद्याने फार तर ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. परवाना खरा की खोटा, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं.

शिक्षण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, किंवा बीएस्सी नर्सिंग हवं. एएनएमच्या छोट्या कोर्सवर तिथे नर्स म्हणून नोंदणी होत नाही. 'मग केअर असिस्टंटच्या व्हिसावर पाठवतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. परदेशातून नव्याने येणाऱ्यांसाठी तो रस्ता २०२५ च्या जुलैत बंद झाला. नर्सची भरतीही आता पूर्वीसारखी जोरात नाही, हे घरी आधीच सांगून ठेवा.

आता कागद. आपल्या मुलींचं घोडं परीक्षेपेक्षा इथे जास्त अडतं. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, पण तिथल्या एनएमसीच्या, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या परिषदेच्या, टेबलावर या दोन वेगळ्या बाया असतात. लग्न गावातच लागलेलं, नोंदणी कोणी केलेलीच नसते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी विवाह नोंदणीचा दाखला काढा आणि सगळे कागद एकाखाली एक ठेवून स्पेलिंग अक्षरन् अक्षर ताडून बघा. परिषदेचं रिन्युअल थकलं असेल तर तेही आधी उरका, कारण रजिस्ट्रेशनची पडताळणी परिषदेकडूनच एनएमसीकडे जावी लागते.

इंग्रजीसाठी मी ओईटी सुचवते, ती आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा आहे. वाचन, ऐकणं, बोलणं यांत ३५० आणि लेखनात ३०० गुण लागतात. आयईएलटीएस या दुसऱ्या इंग्रजी परीक्षेला कुठल्याही विषयावर निबंध येतो, ओईटीत पेशंटच्या नोंदींवरून पत्र लिहायचं असतं. बोलण्याच्या भागात घाबरलेल्या पेशंटला किंवा नातेवाइकाला समजावायचं. 'माय, घाबरू नको, सुई बारीक शे' असं रोज म्हणणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलीला हे जमतं. मी जमलेलं पाहिलं आहे.

मग सीबीटी, म्हणजे नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा, फी ८३ पौंड. ती भारतातच देता येते. ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, मात्र तिकडे गेल्यावर. तिची फी ७९४ पौंड, ती बहुतेक वेळा हॉस्पिटलच भरतं. तिच्यात दहा स्टेशनं, म्हणजे वेगवेगळी कामं करून दाखवायचे टप्पे, असतात आणि हात चालवणं आपल्याला अवघड जात नाही. अवघड जातं ते तोंडाने बोलणं. आपल्या वॉर्डात 'बारा नंबरचे बाबा' म्हटलं की काम भागतं. तिथे हात धुवायचे, पेशंटला पूर्ण नाव आणि जन्मतारीख विचारायची, ती मनगटावरच्या पट्टीशी ताडायची, ॲलर्जी विचारायची, परवानगी घ्यायची, आणि मगच औषध. परीक्षकाला ऐकू जाईल असं. ही सवय आजच्या ड्युटीपासून लावा, मराठीत का होईना. आपल्या पेशंटचंही त्यात भलंच आहे.

जर्मनीचं विचारणाऱ्यांसाठी: तिथे बी२ पातळीपर्यंत जर्मन शिकावं लागतं आणि पदवीला मान्यता मिळवावी लागते, अभ्यासक्रमात काही कमी निघालं तर ते भरून काढायचा कोर्स किंवा परीक्षा. त्यातलं बारीकसारीक मला विचारू नका, धरणगावची माझी मैत्रीण सध्या तोच कोर्स करते आहे, तिच्याशी गाठ घालून देते.