पाच नल आणि एक जोगिया

आमच्या मंडळाचं वार्षिक स्नेहसंमेलन तीन दिवस चालायचं. पहिल्या दिवशी रांगोळी आणि वक्तृत्व, दुसऱ्या दिवशी मुलांचे नाच आणि एकांकिका, तिसऱ्या रात्री मोठ्यांचं नाटक. त्या तिसऱ्या रात्रीची मी वर्षभर वाट बघायची. पुढे व्यावसायिक रंगभूमीवर बरीच वर्षं काम केलं, दौरे केले, एका दिवसात दोन-दोन प्रयोग केले. तरी नाटक म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते मंडळाचं सभागृह, कोपऱ्यातली पायपेटी आणि एकदाच झालेलं आमचं ते संगीत नाटक.

नाटक नवं होतं, नल-दमयंतीचं. मंडळातल्याच एका काकांनी लिहिलं होतं आणि चाली दिल्या होत्या मास्तरांनी. मास्तर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते. तालमीचा नारळ फुटला तो 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं तो हा दिवस. नटराजाच्या तसबिरीला हार घालून मास्तरांनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, ‘भाव्यांच्या नाटकात गायचा तो सूत्रधार. 1880 मध्ये किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ केलं आणि पदं पात्रांच्या तोंडी दिली. तेव्हापासून गाणं हे नटाचं बोलणं झालं. गायला उभे राहू नका, बोलता बोलता गा.’

दोन महिने मी तेवढंच शिकत होते. गद्याचं शेवटचं वाक्य पेटीच्या सुराजवळ आणून ठेवायचं, म्हणजे पद सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण एकेका वाक्यावर संध्याकाळ जायची. मास्तर डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘सांधा दिसतोय.’ पुन्हा पहिल्यापासून.

पट्टीचाही प्रश्न होताच. नल काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणारा, मी काळी चारची, त्याच्यापेक्षा बरीच वरची. मास्तरांनी चाली स्वतःच्या गळ्यावर बांधलेल्या, त्याही काळी एकमध्येच. त्यातल्या तारसप्तकातल्या जागा माझ्या पट्टीत घ्यायच्या म्हणजे आवाज फाटायचा. द्वंद्वगीतात तर दोघांपैकी एकाला पडतं घ्यावंच लागे. मास्तर म्हणत, जुन्या नाटक कंपन्यांत नायिकाही पुरुषच असायची, त्यामुळे हा पेच पडत नसे. माझ्यासाठी त्यांनी नऊ पदांच्या चाली नव्याने बांधल्या. त्या वयात, थंडीत, रोज रात्री दहापर्यंत बसून. असा गुरू मला फुकट मिळाला, मंडळाच्या वर्गणीत.

प्रयोगाच्या रात्री बक्षीस समारंभ लांबला. पडदा उघडला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. पदं एकवीस. पहिला अंक दीड तास चालला. हंसाचा प्रवेश रंगला, एका पदाला टाळ्याही आल्या. मग स्वयंवर आलं.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नलाचं रूप घेऊन येतात आणि दमयंतीपुढे पाच नल उभे राहतात. देव कसे ओळखायचे? त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांना घाम येत नाही, त्यांच्या गळ्यातले हार कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत. हे मला एका लांब पदातून गायचं होतं, एकेका नलासमोर थांबून. वरून दिव्यांची आग, नलांच्या अंगात मखमली कोट. ‘देवा न स्वेद’ अशा अर्थाची ओळ मी घेतली आणि पाचही नलांच्या कपाळावरून घाम निथळत होता. पहिल्या रांगेतली मुलं हसली, मग मागच्या रांगा हसल्या, मग सगळं सभागृह. मी पद पूर्ण केलं. खऱ्या नलाच्या गळ्यात माळ घातली तेव्हा त्याचा हात थरथरत होता, आणि मला आजही त्या पाचही जणांबद्दल फार माया वाटते. सहा-सहा तास नोकरी-दुकान सांभाळून ती माणसं उभी राहायला शिकली होती.

नाटक तिथे हातातून गेलं. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलं झोपली होती, त्यांना उचलून लोक निघत होते. कुणाला दोष द्यावा असं तेव्हाही वाटलं नाही. उशीर झाला, नाटक लांबलं, हे खरं. पण खरं कारण मला पुढे कळलं, इतर संगीत नाटकांत कामं करताना. आमच्या संवादात एक गोष्ट सांगून व्हायची आणि मग पद तीच गोष्ट पुन्हा सांगायचं. पदं पात्रांच्या तोंडी होती खरी, पण ती सूत्रधाराचीच होती. पदाच्या आधी दमयंती जिथे उभी, पदानंतरही तिथेच.

एक पद मात्र तसं नव्हतं. वनात नल तिचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन निघून जातो. पहाटे ती जागी होते, अंगावर अर्धंच वस्त्र. जोगिया रागातलं, दीपचंदी तालात बांधलेलं पद. ते गायला मी उभी राहिले तेव्हा समोर चाळीसेक माणसं असतील, त्यातली बरीचशी आमच्याच घरची. दोन अंतरे गायले. पडदा पडला. पुन्हा प्रयोग झाला नाही.

नंतर मी आत आरशासमोर खोबरेल तेलाने रंग पुसत होते. रडत होते, लपवायचं कशाला. मास्तर आले. हातात पदांची वही आणि पेन्सिल. काही न बोलता त्यांनी जोगियाचं पान काढलं आणि दुसऱ्या अंतऱ्यावर आडवी रेघ मारली.

‘पहिल्या अंतऱ्यात ती जागी होते. तिला कळतं. मग दुसऱ्यात मी तिला पुन्हा कशाला सांगायला लावलं? म्हण बरं, एकच अंतरा घेऊन.’

तबलजी सामान बांधून गेले होते. मास्तरांनी टेबलावर बोटांनी दीपचंदी धरली. अर्धा रंग पुसलेल्या चेहऱ्याने मी गायले. संवादाचं शेवटचं वाक्य म्हटलं आणि सूर कधी लागला ते माझं मलाही कळलं नाही. समेवर आले तेव्हा दारात पाचही नल उभे होते, मिशा हातात घेऊन.

मास्तर वहीकडेच बघत म्हणाले, ‘आता सांधा दिसत नाही.’