आमची वाटचाल : बारोलो विकताना

इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या वाइन मागवायच्या आणि महाराष्ट्रातल्या हॉटेलांना, परवानाधारक दुकानांना पुरवायच्या, हा आमचा व्यवसाय. यादीतली सर्वांत महाग बाटली बारोलो ही तिथली रेड वाइन, आणि सर्वांत जास्त तक्रारीही तिच्याच. तक्रार आलेली बाटली बहुतेक वेळा बिघडलेली नसते. ती लवकर उघडलेली असते, नाहीतर गरम प्यायलेली. त्यामुळे ही वाइन कुणाला, कधी आणि काय सांगून द्यायची, हे शिकण्यातच आमची निम्मी वाटचाल गेली.

सुरुवातीला आम्ही ती नुसत्या नावावर विकली. इतके पैसे मोजल्यावर वाइन गडद आणि दाट असणार, असं गिऱ्हाइकाला वाटतं. पेल्यात मात्र फिकट डाळिंबी रंग उतरतो, कडेला विटकरी झाक. लगेच प्रश्न येतो, ‘जुनी झाली का?’ तसं काही नसतं. बारोलो शंभर टक्के नेब्बिओलो द्राक्षाची असते, आणि या द्राक्षाच्या सालीत रंग बेताचाच असतो. तुरटपणा आणि आंबटपणा मात्र दोन्ही भरपूर. साखर जवळजवळ उरलेलीच नसते. वास गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्यांचा, सोबत थोडं डांबर. हे आता आम्ही बाटली विकण्याआधीच सांगतो.

नेब्बिओलोची वेल हट्टी असते. शेजारच्या दोल्चेत्तो-बारबेरा या द्राक्षजातींच्या आधी फुटते, म्हणून वसंतातल्या गोठलेल्या दहिवराचा धोका तिला जास्त. पिकते मात्र सर्वांत शेवटी, बहुधा ऑक्टोबरात. काडीच्या तळाचे डोळे घड देत नाहीत, म्हणून आखूड छाटणी चालत नाही. आठ-दहा डोळ्यांची लांब काडी राखून ती तारेवर आडवी बांधावी लागते. नाशिककडच्या बागायतदाराला हे एका वाक्यात कळतं, हॉटेलच्या मॅनेजरला कळायला वेळ लागतो. उशिरा पिकणाऱ्या द्राक्षाला ऊन हवं, म्हणून तिथल्या लांगे नावाच्या टेकड्यांचे दक्षिणेकडचे उतार नेब्बिओलोला मिळतात. थंड बाजूंना दोल्चेत्तो किंवा हेझलनटची झाडं. नियमही तसाच आहे : बाग समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटर उंचीवर हवी, पूर्ण उत्तराभिमुख उतार आणि दरीचा तळ चालत नाही, आणि हेक्टरी ८ टनांहून जास्त द्राक्षं घेता येत नाहीत.

बारोलोचा टापू ११ गावांचा, पण साठा निवडताना आम्ही त्याचे ढोबळ दोन भाग करतो. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलो गावातली चिकण, निळसर-राखाडी मार्ल (चुना मिसळलेली) माती. तिथली वाइन सुगंधी असते आणि त्यातल्या त्यात लवकर मऊ होते. पूर्वेकडे सेर्रालुंगा दाल्बा आणि मोन्फोर्ते दाल्बा. तिथे वाळूखडकाचे थर जास्त, वाइन कडक आणि हळू उमलणारी. हॉटेलात आज घेतलेली बाटली याच आठवड्यात उघडली जाते, म्हणून तिकडे आम्ही ला मोर्राची देतो. सेर्रालुंगाची देतो ती घरी ठेवायला जागा आणि धीर असलेल्याला. लेबलवर छापता येतील अशी १८१ अधिकृत स्थळनावं २०१० पासून आहेत. ती पाठ करण्यापेक्षा आधी गाव पाहावं.

यात पैसा अडकतो तो वेळेमुळे. कायद्यानं बारोलो सुगीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. म्हणजे २०१६ची वाइन १ जानेवारी २०२० च्या आधी बाजारात येऊच शकत नव्हती. ‘रिझेर्वा’ या जास्त मुरवलेल्या प्रकाराला ६२ महिने लागतात. तोवर पैसा उत्पादकाचा अडकतो, पुढे आमचा. आम्ही पहिला हिशेब मांडला तेव्हा ५० टक्के सीमाशुल्क आणि वर १०० टक्के कृषी उपकर होता : बंदरात १००० रुपयांना पडलेली बाटली राज्याचं उत्पादन शुल्क लागण्याआधीच २५०० ची. अशा मालात वाहतुकीवर काटकसर करणं हा शुद्ध वेडेपणा.

साध्या कंटेनरमध्ये डेकवरच्या उन्हात माल अक्षरशः शिजतो. आत द्रव फुगतो, बूच वर सरकतं, वाइन पाझरते. म्हणून १४ अंशांवर लावलेला रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर, आणि खोक्यांच्या मध्ये तापमान नोंदवणारं लहान यंत्र. न्हावाशेवाला माल उतरला की आधी त्याची नोंद वाचायची. मग प्रत्येक खोक्यातली एक बाटली काढून पाहायची : बूच तोंडाच्या वर आलंय का, वरचं टोपण बोटानं फिरतंय का, खाली चिकट ओघळ आहे का. टोपण घट्ट चिकटलं असेल तर ती बाटली बाजूला.

गोदामात १२ ते १४ अंश तापमान, ६०-७० टक्के आर्द्रता, बाटल्या आडव्या. इथे एक फालतू वाटणारी अडचण नडते : आयातदाराचं नाव-पत्ता आणि वैधानिक इशारा छापलेलं मागचं लेबल ओलीनं सुटतं. पाण्याला टिकणारा गोंद सुरुवातीपासूनच वापरावा.

वाढण्याचं तापमान १६ ते १८ अंश. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला’ हे युरोपातल्या थंड घरांचं बोलणं. पुण्याच्या मे महिन्यात ३२ अंशांवर ओतलेल्या बारोलोत नुसता अल्कोहोल जाणवतो. बाटली बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-बारा मिनिटं ठेवली की पुरतं. फार थंड केली तर तुरटपणा बोचतो. दहा वर्षांच्या आतली वाइन डिकँटरमध्ये (वाइनला हवा देण्याच्या काचेच्या भांड्यात) दोन-तीन तास आधी ओतावी. पंधरा-वीस वर्षांची असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी ठेवून साका तळाला बसू द्यावा आणि ऐन वेळी, मानेमागे दिवा धरून, सावकाश ओतावी. जुन्या वाइनला तीन तासांची हवा म्हणजे तिचा घातच.

जेवणाबद्दल आमचं मत ठाम आहे : तांबड्या रश्श्याबरोबर नको. मिरचीनं तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही पेटतात. प्रथिनं आणि चरबी तुरटपणा शोषतात, म्हणून मंद आचेवर शिजलेलं कमी तिखट मटण किंवा जुनं पार्मिजानो चीज उत्तम. पांढरा रस्सा चालतो. नवख्या गिऱ्हाइकाला मात्र आता आम्ही आधी लांगे नेब्बिओलो देतो. द्राक्ष तेच, नियम सैल, किंमत बरीच कमी. ती आवडली नाही तर बारोलोही आवडणार नाही, आणि हे स्वस्तात कळलेलं बरं.

खरा दोष एकच वारंवार भेटतो : बुचाचा. ओल्या पुठ्ठ्यासारखा, तळघरातला कुबट वास येतो आणि फळाचा गंध मरतो. अपाय काही नाही, पण हवा देऊनही तो जात नाही. अशी बाटली आम्ही बदलून देतो, मात्र पहिल्या पेल्यानंतर लगेच कळवलं तरच. रिकामी बाटली नाही.