मुलुंडला उतरायचं होतं, ठाणं आलं
आज लोकलमध्ये दाराशी लटकत अमेरिकन रॉक गायक लू रीडचं 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' हे गाणं ऐकत होतो. शंभरदा ऐकलंय, पण आज कान फक्त बेसवर, म्हणजे खालच्या खर्जातल्या सुरांवर ठेवले. आईशप्पथ, ते एक वाद्य नाहीच! खाली उभा डबल बेस (व्हायोलिनचा माणसाएवढा थोरला भाऊ), वर इलेक्ट्रिक बेस गिटार, दोन्ही सुरावरून घसरत जाणारे. वाजवणारा मात्र एकच, हर्बी फ्लॉवर्स. १९७२, लंडन. दोन वाद्यं वाजवली की स्टुडिओत रेकॉर्डिंगपुरतं वाजवणाऱ्याला दुप्पट पैसे, म्हणून ही युक्ती, असं तो स्वतःच सांगायचा. (पोटासाठी सुचलेलंही इतकं सुंदर असू शकतं!) डेव्हिड बोवीच्या 'स्पेस ऑडिटी' गाण्यातला बेसही त्याचाच. हर्बी २०२४ मध्ये गेला.
शेजारचे काका म्हणाले, "भजन लावलंय का? मान छान डोलतेय."