पत्ते वाटायला काय अक्कल लागते?

आमच्याकडे पत्ते वाटायचं काम कायम घरातल्या सगळ्यात रिकामटेकड्या माणसाकडे. मेंढीकोट असो, पाच-तीन-दोन असो नाहीतर पोरांबरोबर झब्बू, "ए वाट रे पटपट" एवढाच काय तो नियम. त्यामुळे कोजागिरीला कोथरूडला मित्राच्या गच्चीवर पोकर खेळायचं ठरलं आणि पहिला डाव वाटायला माझ्याकडे आला तेव्हा म्हटलं यात काय एवढं, दोन-दोन पत्ते तर टाकायचेत. पैशावर नव्हतं हां, चिंचोके होते, प्रत्येकी शंभर, मित्राच्या आईने मोजून दिलेले आणि सकाळी मोजून परत घेणार होत्या.

तर मी आपलं घरच्या सवयीने उजव्या हाताला सुरुवात केली आणि एकेकाला एकदम दोन पत्ते देत सुटलो. मित्र ओरडला, थांब थांब. पोकरात वाटप डावीकडून. वाटणाऱ्यासमोर बटण असतं (आमच्याकडे कॅरमचा स्ट्रायकर), त्याच्या डावीकडचा तो स्मॉल ब्लाइंड, म्हणजे पत्ते न बघताच ज्याला चिंचोके टाकावे लागतात तो, पहिला पत्ता त्याला आणि मग गोल फिरत एक-एक, अशा दोन फेऱ्या. गोळा केले सगळे परत.

मग माझ्या पिसण्यावर आले. मी आबांसारखं हातात धरून खालचे वर, वरचे खाली असं पिसतो, आणि त्यात तळाचा पत्ता शेजारच्याला आरामात दिसतो हे इतक्या वर्षांत कधी डोक्यातच आलं नव्हतं. शेजारी मित्राचे काका बसलेले, ते शांतपणे म्हणाले, "तळाला चौकट गुलाम आहे, सांगून ठेवतो." झालं, पुन्हा पहिल्यापासून. आधी टेबलावर सगळे उपडे पसरून कालवायचे, मग दोन गड्ड्या करून कडा एकमेकांत घुसवायच्या, तेही टेबलाला चिकटून, उचलून नाही, शेवटी कापायचं आणि तळाला एक वेगळं कार्ड लावायचं म्हणजे तळ दिसत नाही. आम्ही पीएमपीएमएल बसचा जुना पास लावला. मित्राने त्यात ज्ञान पण दिलं, १९९२ साली बेयर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला असं साधारण सात वेळा पिसावं लागतं, माझ्या आबांच्या पद्धतीने तर आकडा हजारांत जातो. काका म्हणाले, "अरे सात वेळा पिसेपर्यंत दूध अजून आटेल."

आता बर्न. हातातल्या दोन पत्त्यांशिवाय टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच पत्ते उघडतात, त्यातले पहिले तीन उघडण्याआधी एक पत्ता उपडाच बाजूला टाकायचा, चौथ्याआधी परत एक, पाचव्याआधी परत एक. मला हे निव्वळ नखरे वाटत होते, चांगला पत्ता फुकट कशाला घालवायचा. पण झालं काय की चिवड्याची प्लेट गड्डीशेजारीच होती आणि इस्पिक एक्क्याच्या पाठीवर तेलाचा मस्त डाग पडला. दोन डावांनी तोच एक्का गड्डीच्या वर येऊन बसला आणि सगळे चिंचोके लावतायत तोवर सहाच्या सहा जण त्या डागाकडे बघतायत!! तो जर सरळ टेबलावर उघडणार असता तर खेळायचं काय राहिलं? बर्नमध्ये गेला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

एकदा सगळ्यांना हातातले पत्ते वाटत असताना पाचवा पत्ता वाऱ्याने पलटला, बदाम राणी सगळ्यांना दिसली. माझ्या मते सरळ डाव मोडायचा, आमच्या घरी तेच करतात. पण नाही, वाटताना पहिल्या दोन पत्त्यांपैकी एखादा दिसला तरच डाव मोडतो, किंवा एकूण दोन पत्ते उघडे पडले तर. नंतरचा एकच दिसला तर वाटप पूर्ण करायचं, ज्याचा पत्ता त्याला शेवटी गड्डीवरचा दुसरा द्यायचा आणि ती राणी पहिला बर्न म्हणून जायची. आणि एकदा दोघा-तिघांनी आपापली चाल केली की मग वाटणी चुकली म्हणून ओरडून उपयोग नाही, डाव पूर्ण खेळायचा. हा नियम मला फार आवडला, कारण आमच्या मेंढीकोटात हरायला लागलं की कोणाला तरी हमखास आठवतं की "वाटताना गडबड झाली होती".

काकांचं मात्र जमेना. पत्ते टाकून दिले की लगेच शेजारच्याला दाखवणार, "हे बघ काय होतं माझ्याकडे", अहो काका, डाव चालू आहे अजून, एकाला दाखवलं तर सगळ्यांना दाखवावं लागतं. आणि डाव संपला रे संपला की हात गड्डीकडे, "पुढचं काय आलं असतं बघू की." त्याला रॅबिट हंटिंग म्हणतात आणि ते करायचं नसतं असं मित्राने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा काकांनी पत्ता उचलला तो नेमका त्यांना हवा असलेला किलवर निघाला आणि मग पुढची दहा मिनिटं डाव बंद, दूध तेवढं प्यायलं सगळ्यांनी.