पोटरीतलं उडणं

तीन वर्षांपूर्वी एका रात्री आडवी झाले आणि डाव्या पोटरीत काहीतरी उडायला लागलं. दुखत नव्हतं, कातडीखाली किडा वळवळावा तसं. आठवडाभरात मांडी, दंड, पापणी, कुठेही सुरू झालं. आई म्हणाली, "डावा डोळा लवतोय ना? बाईमाणसाला चांगलं असतं गं." मी मात्र मोबाइलवर शोधलं, मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे नसा निकामी होऊन स्नायू झिजत जाणारा जीवघेणा आजार, हे नाव वाचलं आणि रात्रभर जागी राहिले.

पुढचे दोन महिने मी स्वतःला तपासत होते. वर्गात खडू हातातून सुटतोय का, पाय अडखळतोय का. शिवणकामाच्या टेपने दोन्ही पोटऱ्या रोज मोजायचे. झोप चार तास, चहा सहा कप. या दोन्हींनी उडणं वाढतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

कॅल्शियम, मॅग्नेशियम, थायरॉइड, बी१२, सगळं ठीक निघालं. मग न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी पोटरीकडे जेमतेम पाहिलं, याचं मला वाईटच वाटलं. टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. हात न टेकता खुर्चीतून उठवलं, जीभ पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाले, "ताकद पूर्ण आहे, स्नायू झिजलेले नाहीत. नुसतं उडणं निरोगी माणसांतही असतं."

माझ्या समाधानासाठी ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विद्युत संकेतांची तपासणी, केली. बारीक सुई स्नायूत जाते आणि यंत्रातून आवाज येतो. पोटरी उडाली की पत्र्यावर पावसाचा थेंब पडल्यासारखा टप् व्हायचा, एरवी शांत. नस तुटत असल्याची खूण कुठेच नव्हती. बिनाइन फॅसिक्युलेशन सिंड्रोम, म्हणजे स्नायूंचं निरुपद्रवी उडणं, असं नाव मिळालं. डॉक्टरांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा १९९३चा अभ्यास सांगितला: असे १२१ रुग्ण, २ ते ३२ वर्षं पाठपुरावा, एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नाही. हा आकडा मी घट्ट धरून ठेवला.

तरी पंधरा दिवसांत भीती परतली. पुन्हा ईएमजी करा म्हणून गेले, तर त्यांनी साफ नकार दिला. "ताकद कमी झाली तर त्याच दिवशी या. उडतंय म्हणून येऊ नका." त्या नकाराने मला खरा उतार पडला. टेप शिवणाच्या डब्यात परत गेली, चहा दोन कपांवर आला.

यंदा पालखीबरोबर आळंदी ते पुणे चालले. रात्री दोन्ही पोटऱ्या नुसत्या उडत होत्या. तेल चोळलं आणि झोपले.