हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि तीनशे रुपयांच्या दोन थापा

आधी कामाचं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा, म्हणजे देवळाजवळच्या डोंगराला समुद्राच्या कडेने घालायचा फेरा, भरतीत करू नका. समोरचा कितीही खात्रीने सांगत असला तरी नाही.

कोथरूडहून पहाटे निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. रस्त्याचं काही विशेष नाही. काळभैरवाच्या देवळाबाहेर एकाने गाठलं. तीनशे रुपयांत ‘डोंगराची सगळी माहिती’. माहिती म्हणजे दोन गोष्टी: भरती संध्याकाळी सहाला आहे, आणि ओवी याच डोंगरावर, जात्यापाशी जन्मली.

दुपारी दोनला उतरलो. दोन कड्यांमधल्या अरुंद घळीत खोदलेल्या पायऱ्या थेट समुद्राकडे जातात. खाली खडक मधाच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे, वर शेवाळ. दृश्य अफाट, पण ते बघायला मान वर करायची सोय नाही. निम्म्यात पोचलो तर पुढची वाट पाण्यात. मागे वळेपर्यंत लाटेने गुडघ्यापर्यंत भिजवलं. इथून माणसं वाहून गेलेली आहेत, हे तीनशेत बसत नव्हतं बहुतेक.

खाणावळीतल्या काकू हसल्याच. “अहो, आज पंचमी ना? तिथीची पाऊणपट करायची. पाच पाऊण पावणेचार. तेव्हा भरती भरते.” ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. पाणी ओसरत असतानाच निघा, चांगल्या पकडीचे बूट घाला, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नादच सोडा.

ओवीचं घरी येऊन ताडून पाहिलं. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं म्हटलंय. कांडताना! जात्याचं नावही नाही, आणि या डोंगराचंही. ‘ज्ञानेश्वरी’ त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी, १२९० ची. भात कांडणाऱ्या कोकणात बसून हे लगेच पटलं असतं. तीन चरण यमकात जुळलेले, चौथा आखूड; मुसळ तीनदा जोरात आणि एकदा दमाने, असं मी आपलं धरून चाललोय. पुरावा नाही, पाय दुखतायत त्याचा परिणाम असेल.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन, दिवेआगर. छान होतं. सकाळी सव्वादहाला, ओहोटीत, प्रदक्षिणा पुरी केली ती त्याआधी. देवळाबाहेर तोच माणूस दुसऱ्या कुटुंबाला भरती सहाला सांगत होता.